मोटारीला एक, पायी माणसाला शून्य : गिरणगावातल्या मॉलचा न मोजलेला इतिहास

29 सप्टेंबर 2017. शुक्रवार, सकाळी साडेदहाचा सुमार. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर पाऊस चुकवायला माणसे थांबली होती. खाली एकामागून एक लोकल येत होत्या आणि उतरलेली माणसे त्याच जिन्याने वर चढत होती. त्या चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. त्यात ऑफिसला निघालेले कारकून होते, फुलबाजारात आलेल्या बाया होत्या, पोटापाण्याला निघालेली तरुण मुले होती.

दुसऱ्या दिवशी कारणे सांगितली गेली. पाऊस, अफवा, गर्दी. तिन्ही शब्द असे वापरले गेले की जणू तिन्ही आभाळातून पडतात. पावसाचे मान्य करू. पण गर्दी आभाळातून पडत नाही. त्या पुलाच्या दोन्ही बाजूंना जी गर्दी रोज उतरत होती, ती सरकारी शिक्के मारून, इमारतीमागून इमारत मंजूर करून तिथे आणलेली होती. ज्युपिटर मिल आणि एल्फिन्स्टन मिलच्या जमिनीवर काचेचे मनोरे उभे राहिले, त्यांच्या फायली मंत्रालयापासून महापालिकेपर्यंत फिरल्या. त्या फायलींमध्ये पर्यावरणाचा आणि वाहतुकीचा विचार करणे हे कायद्याने कोणाचे तरी काम होते. मग तो विचार केला कोणी, आणि त्यात मोजले कोणाला? या लेखाचा विषय एवढाच आहे.

मित्रांनो, आपल्या चळवळीत 'पर्यावरण' म्हटले की अनेकांना तो मलबार हिलवाल्यांचा छंद वाटतो. झाडे, पक्षी, समुद्राची हवा. मलाही विद्यार्थीदशेत तसेच वाटायचे. समाजशास्त्राच्या वर्गात जात आणि श्रम यांवर वाद घालायचे, पण 'पर्यावरण मंजुरी' हा शब्द आला की वही मिटायची. ती चूक होती. शहरात कोण कुठे राहणार, कोण कशाने प्रवास करणार आणि कोणाचा वेळ फुकट जाणार हे आज याच कागदांवर ठरते, आणि ते कागद आपण वाचत नाही.

आधी हे गाव कसे होते ते पाहू. माझे आजोबा त्रासन खात्यात होते. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतून भोंगा झाला की निघायचे आणि चालत गिरणीत पोचायचे. गिरणगावातल्या लाखो कामगारांची हीच पद्धत होती. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथल्या बीडीडी चाळींच्या 207 इमारती, 160 चौरस फुटांची खोली, त्यात दोन-दोन कुटुंबे आणि पाळीप्रमाणे झोपणारे पाहुणे. या चाळींची आठवण काढून उसासे टाकण्याचे काही कारण नाही. संडाससमोरच्या रांगेत उभे राहणाऱ्यांना ते सुख नव्हते. पण एक गोष्ट खरी की घर आणि काम चालण्याच्या अंतरावर होते. खुद्द बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत वीसएक वर्षे राहिले आणि दामोदर हॉलजवळच्या कचेरीत चालत जात. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या गावाने 'वाहतूक निर्माण'च केली नव्हती.

चालत जाणारे सगळे गिरणीच्या दारातून आत गेले की मात्र सारखे राहत नसत. साचेखात्यात अस्पृश्याला मज्जाव होता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. पगार जास्त त्या खात्याला बंदी, कमी पगाराच्या त्रासन खात्यात भरती. 1928च्या एप्रिलमध्ये गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला संप सुरू झाला, तेव्हा पुढाऱ्यांच्या मागण्यांच्या यादीत हा विषय नव्हता. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मागण्यांमध्ये घाला, नाहीतर माझ्या लोकांना संपात उतरू नका असे सांगेन, असा पवित्रा बाबासाहेबांनी घेतला तेव्हा ती मागणी नाइलाजाने घातली गेली. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर निदान आम्ही त्याला जबाबदार नाही. उत्तर मोठे हुशारीचे होते. मालक म्हणतो जबाबदार कामगार आहेत, कामगार म्हणतो रूढी आहे, रूढीला तर कचेरीच नाही. हे वळण लक्षात ठेवा, कारण 2017च्या पुलावर ते पुन्हा भेटते. रेल्वे महापालिकेकडे बोट दाखवते, महापालिका राज्याकडे, आणि विकासक म्हणतो माझ्याकडे सगळ्या परवानग्या आहेत. त्याच्याकडे त्या असतातच.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या आणि कापडापेक्षा जमीन महाग झाली. मुंबईत 58 गिरण्या आणि त्यांची सुमारे 600 एकर जमीन, तीही शहराच्या ऐन मध्यात. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीसाठी नियम 58 आला. ढोबळ अर्थ असा की एक तृतीयांश जमीन महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. शहराला एवढी मोठी संधी पुन्हा मिळणार नव्हती.

1996 साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा अहवाल दिला. त्यातली मुख्य गोष्ट साधी होती : एकेका गिरणीचा वेगळा विचार करू नका, सगळ्या जमिनी एकत्र मांडा, जवळच्या जमिनींची अदलाबदल करा आणि स्थानकांभोवती चालणाऱ्या माणसांसाठी मोकळी जागा काढा. एल्फिन्स्टन-परळच्या परिसराला या मांडणीत महत्त्वाचे स्थान होते. म्हणजे पुढे ज्या ठिकाणी माणसे चिरडली गेली, त्या जागेचा प्रश्न एकवीस वर्षे आधी नकाशावर काढून दाखवलेला होता. अहवाल बासनात गेला.

मग 2001 साली नियम 58 मध्ये बदल झाला. वाटणी आता संपूर्ण जमिनीची नाही, तर फक्त 'मोकळ्या' जमिनीची. जिथे शेड उभी आहे ती जागा, शेड पाडून टाकली तरी, वाटणीच्या बाहेर. गिरणीच्या आवारात शेडच जास्त असतात हे कळायला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. महापालिका आणि म्हाडाचा वाटा कितीतरी पटींनी घसरला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप उच्च न्यायालयात गेला, ऑक्टोबर 2005 मध्ये जिंकला, आणि 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयात हरला. दरम्यान महामंडळाच्या गिरण्यांचे लिलावही झाले होते. एकटी मुंबई टेक्स्टाइल मिल 702 कोटींना गेली.

इथे एक कडू गोष्ट नोंदवली पाहिजे. ही लढाई कोर्टात लढणारे पर्यावरणवादी बहुतेक दक्षिण मुंबईचे होते आणि रस्त्यावर लढणारे गिरणी कामगार संघटनांचे. आपल्या राजकीय पक्षांपैकी, गटांपैकी कोणी 600 एकरांच्या प्रश्नाला आपला मुख्य प्रश्न मानले? आपण तेव्हा कुठल्या गटाचे कोण अध्यक्ष यावर भांडत होतो. मी हे कोणाला टोचण्यासाठी लिहीत नाही. पण शिवडी-नायगावच्या चाळी आपल्या होत्या, आणि त्यांच्या भोवतीची जमीन विकली जात असताना आपली सही कुठल्याच हरकतीवर फारशी दिसत नाही.

आता कायद्याकडे येऊ. पर्यावरण परिणाम मूल्यमापनाची पहिली अधिसूचना 27 जानेवारी 1994ची. तिच्या यादीत खाणी, धरणे, रसायनांचे कारखाने होते. इमारत नव्हती. म्हणजे 1990च्या दशकाच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अ‍ॅली सुरू झाली, मग दुकाने आली, मग मॉल वाढत गेला, तेव्हा 'बांधकामाचा पर्यावरणावर परिणाम' हा प्रकारच कायद्याला माहीत नव्हता. 7 जुलै 2004च्या दुरुस्तीने मोठी बांधकामे यादीत आली. हजार माणसे, रोज 50,000 लिटर सांडपाणी किंवा 50 कोटींची गुंतवणूक असे निकष लागले. 14 सप्टेंबर 2006च्या नव्या अधिसूचनेने निकष चौरस मीटरवर आणला : 20,000 चौरस मीटरपासून दीड लाखापर्यंतचे बांधकाम 8(अ), त्याहून मोठे 8(ब).

आणि याच अधिसूचनेत, बांधकामे आणि टाउनशिप यांना जनसुनावणीतून सूट आहे. कोकणात औष्णिक प्रकल्प आणायचा तर गावकऱ्यांसमोर मांडव घालून सुनावणी घ्यावी लागते. ती कशी गुंडाळली जाते हे आपल्याला माहीत आहे, तरी निदान मांडव घालावा लागतो. मुंबईच्या मध्यात हजारो माणसांना रोज ओढून आणणारा व्यापारी मनोरा उभा करायचा तर शेजारच्या चाळीला विचारायची गरज नाही. 8(अ)च्या प्रकल्पाला तर पूर्ण मूल्यमापन अहवालाचीही गरज नाही. नमुना 1, नमुना 1-अ आणि इमारतीचा आराखडा पुरतो. हे सगळे बंद खोलीतल्या तज्ज्ञ समितीपुढे जाते.

तो नमुना 1-अ मी पहिल्यांदा नीट वाचला तो एका वस्तीच्या कामात. आमच्या कामाच्या भागाला लागून एक व्यापारी संकुल येणार होते आणि मुले विचारत होती की ताई, याचे कागद कुठे मिळतात. कागद मिळाले. वाहतुकीचा प्रश्न त्यात 'हवा' या सदराखाली आहे. प्रश्न असे की वाहनतळाची टंचाई होईल काय, आणि प्रवेशद्वाराशी व बाहेर पडण्याच्या जागी वाहनांचे नियोजन कसे करणार. पादचारी आहेच. पण अंतर्गत रस्ते, सायकलमार्ग, पदपथ यांचे क्षेत्रफळ विचारणाऱ्या प्रश्नात. म्हणजे कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेर पडला की त्याचा विषय संपला. 'सामाजिक-आर्थिक' सदरात प्रश्न आहे की स्थानिक समाजावर प्रतिकूल परिणाम होईल का. त्यापुढे 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर होते. वस्तीत कोणी आले होते का हे मी घरोघरी विचारले. कोणीच आले नव्हते.

नमुना 1 मध्ये शेवटाकडे आणखी एक प्रश्न आहे, आणि गिरणगावाच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा. आसपासच्या इतर चालू किंवा नियोजित प्रकल्पांसोबत मिळून एकत्रित परिणाम काय होईल? प्रश्न उत्तम आहे. पण तो प्रत्येक विकासकाला वेगवेगळा विचारला जातो. पहिला म्हणतो माझ्याने रस्त्यावर थोडीच भर पडेल. दुसराही तेच म्हणतो, आणि तिसराही. कोरियांच्या अहवालात जो प्रश्न 1996 साली शहराने स्वतःला विचारायचा होता, तो शहराने विकासकांवर ढकलला, आणि विकासकाने त्याची एक ओळ केली.

आता ते मोजतात कसे ते पाहा, कारण खरी मेख तिथे आहे. एखाद्या प्रकल्पाच्या वाहतूक अहवालात चौकातल्या गाड्या मोजतात. मोटार वेगळी, रिक्षा वेगळी, बस वेगळी, मग या सगळ्यांची बेरीज कशी करणार? त्यासाठी एकक आहे 'प्रवासी मोटार एकक', इंग्रजी आद्याक्षरांत पीसीयू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990च्या शहरी रस्त्यांच्या क्षमतेवरील मार्गदर्शिकेत त्याचा तक्ता आहे. मोटार म्हणजे 1. दुचाकी 0.5, आणि रस्त्यावर त्यांचे प्रमाण वाढले की 0.75. बस आणि ट्रक 2.2, प्रमाण वाढले की 3.7. सायकललाही आकडा आहे. टांग्याला आहे. हातगाडीला 2 किंवा 3 आहे. मग एकूण एककांना रस्त्याच्या क्षमतेने भागायचे. भागाकार एकाच्या खाली आला की अहवाल म्हणतो रस्ता पेलेल.

या तक्त्यात पायी चालणारा माणूस नाही. त्याच्यासाठी वेगळी मार्गदर्शिका आहे हे खरे, आयआरसी 103. पण प्रकल्प मंजूर करायचा की नाही हे ज्या भागाकारावर तोलले जाते, त्यात तो येत नाही. आणि जो येतो तो कसा येतो पाहा. पन्नास माणसांना घेऊन जाणारी बस ही रस्ता अडवणाऱ्या दोन-तीन मोटारी. एकटा साहेब बसलेली मोटार ही एक. म्हणजे बसमधल्या माणसाची किंमत मोटारीतल्या माणसाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरते. पुलावरून चालणाऱ्याची शून्य.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात आपण एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व स्वीकारतो आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात एक माणूस एक मूल्य नाकारत राहणार आहोत. आपण हे भाषण दर वर्षी ऐकतो, बॅनरवर छापतो. त्याचा अर्थ आरक्षण आणि संपत्ती एवढ्यापुरता लावतो. पण एक मूल्य नाकारण्याची जागा असा एखादा कंटाळवाणा तक्ताही असू शकते. तो बनवणाऱ्या अभियंत्यांना कोणाचा द्वेष नव्हता. त्यांना रस्ता मोजायचा होता. पुढे त्या मापाने शहर मोजले गेले.

कोणी म्हणेल, ताई, यात जात कुठे आली? त्या पुलावर मेलेले सगळे आपलेच थोडे होते? बरोबर आहे, नव्हते. सगळ्या जातींची, धर्मांची, प्रांतांची माणसे होती, आणि त्यांच्या मरणावर मला जातीचा शिक्का मारायचा नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. सनातन व्यवस्थेत माणसाची किंमत जन्माने ठरत होती आणि खालच्या पायरीवरच्याला ती 'कामाची वाटणी' म्हणून सांगितली जात होती. साचेखाते आणि त्रासन खाते ही त्याचीच गिरणीतली आवृत्ती. बाबासाहेबांनी 1938 साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. ही दोन्ही एकत्र आली की श्रेणी राहते आणि तिचे नाव तेवढे बदलते. आज त्या मनोऱ्यांमध्ये सफाई कोण करते, सुरक्षारक्षकाच्या गणवेशात कोण उभे असते, डबे आणि पार्सले घेऊन कोण धावते हे मोजायला सर्वेक्षणाची गरज नाही. सकाळी आठ वाजता लोअर परळच्या जिन्यावर उभे राहा. हा माणूस मोटारीने येत नाही, म्हणून तो वाहतूक अहवालातही येत नाही.

आणि तो येतो कुठून? गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. 2012 साली पहिली सोडत निघाली ती 6,925 घरांची. अलीकडे उरलेल्यांना शेलू आणि वांगणीची घरे दाखवली जात आहेत. ज्याचा बाप भोंग्यावर चालत गिरणीत जायचा, त्या मुलाने आता कर्जतच्या दिशेच्या लोकलने तास-दीड तास लटकत यायचे, दादर-परळला उतरायचे आणि त्याच गिरणीच्या जागेवर उभ्या मनोऱ्यात कामाला लागायचे. ही जी नवी 'वाहतूक' निर्माण झाली ती प्रकल्पानेच केली. एका हाताने घर दूर ढकलले, दुसऱ्या हाताने काम तिथेच ठेवले. पण प्रकल्पाच्या हिशोबात ती धरली जात नाही, कारण हिशोब आवाराच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या मोटारींचा आहे.

मोटारीची मात्र शासनाने काळजी घेतली. 2008 पासून सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्या विकासकाला जादा चटईक्षेत्र देण्याची तरतूद वापरात आली. म्हणजे गाड्यांसाठी मजले चढवा आणि बदल्यात विकायला आणखी मजले घ्या. त्या मजल्यांवर आणखी माणसे आणि आणखी गाड्या येणार हे वेगळेच. पादचारी पूल रुंद करून देणाऱ्याला असे काही बक्षीस असल्याचे माझ्या वाचनात नाही. एल्फिन्स्टनच्या नव्या रुंद पुलाला तर अपघाताच्या आधीच मंजुरी मिळालेली होती, काम सुरू झाले नव्हते. 23 माणसे गेल्यावर लष्कराने पाच महिन्यांच्या आत पूल उभा केला, 27 फेब्रुवारी 2018ला तो खुला झाला. म्हणजे अडचण पैशाची नव्हती, तंत्राची नव्हती. त्याच वर्षी स्थानकाचे नावही बदलून प्रभादेवी झाले. त्या दुर्घटनेनंतर बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबर 2017च्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबना आग लागून 14 जण गेले. तेही गिरणीच्याच जमिनीवर.

जगात सगळीकडे असेच मोजतात असे नाही, म्हणून अमेरिकेतल्या दोन गोष्टी सांगते. न्यू यॉर्कच्या चायनाटाउनमध्ये 1980च्या दशकात हेन्री स्ट्रीटवर एका मोकळ्या जागेत श्रीमंतांसाठी 21 मजली इमारत येणार होती. शहराने म्हटले, जागा रिकामी आहे, कोणाला हुसकावत नाही, पर्यावरणावर मोठा परिणाम नाही. चिनी कामगारांची संघटना न्यायालयात गेली. या इमारतीने भाडी वाढतील, छोटे धंदे आणि गरीब भाडेकरू हळूहळू बाहेर फेकले जातील, हा परिणाम का मोजला नाही, असा त्यांचा सवाल. राज्याच्या पर्यावरण कायद्यात 'पर्यावरण' या शब्दाच्या व्याख्येतच लोकवस्तीची रचना आणि मोहल्ल्याचे स्वरूप यांचा समावेश होता. 1986 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संघटनेचे म्हणणे मान्य करून परवाना रद्द केला. हॉटेलांत आणि शिवणकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरितांच्या संघटनेने 'पर्यावरण' हा शब्द असा आपल्या बाजूने ओढून घेतला. दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. तिथे वर्षानुवर्षे प्रकल्पाचा वाहतूक परिणाम म्हणजे 'मोटारींना चौकात किती थांबावे लागेल' असा धरत. 2013च्या कायद्याने हे माप बदलायचे ठरले आणि 1 जुलै 2020 पासून त्या जागी प्रकल्पामुळे मोटारींचा एकूण प्रवास किती मैलांनी वाढेल हे पाहणे सक्तीचे झाले. म्हणजे माप बदलता येते. अमेरिकेत गरिबांचे भले झाले असा याचा अर्थ नाही. चायनाटाउनमधली भाडी नंतरही वाढलीच.

आपल्याकडे माणसांच्या गर्दीला एकच दिवस फार बारकाईने मोजले जाते, तो 6 डिसेंबर. मी कॉलेजपासून दर वर्षी शिवाजी पार्कवर स्वयंसेवक म्हणून जाते. लाखो माणसे विदर्भ-मराठवाड्यातून येतात, स्थानकावरून चैत्यभूमीपर्यंत चालत जातात, रांगेत तासन्‌तास उभी राहतात आणि चालतच परततात. एकेका माणसाने रस्त्यावर मोटारीच्या कितीतरी पट कमी जागा घेतलेली असते. आणि तरी दर वर्षी तोच सूर, 'बाहेरून लोक येतात, ट्रॅफिकची वाट लागते'. त्याच दादर-प्रभादेवीत वर्षाचे उरलेले 364 दिवस मोटारी रस्ता अडवून उभ्या असतात, त्याला मात्र विकास म्हणतात. एका काकूंनी मला विचारले होते, तुमच्या लोकांना दुसरीकडे कुठे जमता येत नाही का? मी त्यांना म्हटले, काकू, तुमच्या सोसायटीतल्या गाड्या दुसरीकडे लावता येतात का? त्या हसल्या, रागावल्या नाहीत. मग त्यांनी पोरांना पाणी आणून दिले. (तर माणसे अशीही असतात.)

गिरणीच्या जमिनीपैकी एका तुकड्यावर तरी पायी चालणाऱ्यांनी स्वतः निर्णय घडवून आणला, तो इंदू मिलचा. 6 डिसेंबर 2011 रोजी आंबेडकरी कार्यकर्ते चैत्यभूमीजवळच्या त्या बंद गिरणीत घुसले आणि ठाण मांडून बसले. वर्षभरात केंद्राला साडेबारा एकर जमीन स्मारकासाठी देण्याचे जाहीर करावे लागले. भूमिपूजन मात्र 11 ऑक्टोबर 2015ला झाले, आणि काम किती रेंगाळले ते आपण पाहतोच आहोत. माझा आग्रह एवढाच की 600 एकरांपैकी साडेबारा एकरांवर थांबू नका. स्मारकाकडे जाणारा रस्ता, त्याच्या बाजूची फूटपाथ, दादर आणि प्रभादेवीचे जिने यांचाही हिशोब आपलाच आहे.

हे हिशोब मागायला आता तितके अवघड राहिलेले नाही. पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर प्रकल्पांचे अर्ज दिसतात. कोणाही नागरिकाला ते उघडता येतात. जनसुनावणी नसली तरी राज्याच्या मूल्यांकन समितीला लेखी हरकत पाठवायला कोणी अडवलेले नाही. मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला 30 दिवस असतात. सबळ कारण दाखवले तर आणखी 60 मिळू शकतात. आपण बहुतेक वेळा जागे होतो ते खड्डा खणला गेल्यावर, म्हणजे मुदत संपल्यावर.

आमच्या वस्तीतल्या मुलांनी त्या संकुलाबाबत एक अर्ज केला. त्यात घोषणा नव्हती. एवढेच विचारले होते की तुमच्या अहवालात सकाळच्या वेळी रस्त्यावरून चालत जाणाऱ्यांची संख्या कुठल्या पानावर आहे, आणि 'स्थानिक समाजावर परिणाम नाही' हे उत्तर कोणाशी बोलून लिहिले. अर्ज लिहायला दोन रविवार लागले, कारण 'पीसीयू' म्हणजे काय हे आधी सगळ्यांना समजून घ्यायचे होते. दहावी नापास झालेल्या एका मुलाने फळ्यावर तक्ता लिहिला आणि विचारले, ताई, हातगाडीला तीन, मग ती ओढणाऱ्या माझ्या बापाला किती?

अर्जाला अजून उत्तर नाही. मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. 1 डिसेंबरचा अहवाल आला की आम्ही तो छापून घेणार आहोत, आणि 6 तारखेला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल लावणार आहोत. आपापल्या भागातल्या प्रकल्पाचे नाव घेऊन या, कागद कुठे शोधायचे ते दाखवू.

जय भीम.